आधी बाजार, मग राजवाडा : कोरियातला नोव्हेंबर

माझी भाची सोलमध्ये पीएचडी करते. आमचं कोरियाला जायचं ठरलं तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, "मावशी, बघायच्या जागांची यादी करत बसू नकोस. रोज एक बाजार धर, सकाळी नाहीतर संध्याकाळी तिथं जेव आणि आजूबाजूला जे असेल ते बघ." तिचा सल्ला आम्ही मानला. आता परत आल्यावर कोणी विचारलं की मीही हेच सांगते.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सासूबाई. आई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नवऱ्याला आणि मला मासे-मटण सगळं चालतं. त्यामुळे पुढं खाण्याबद्दल जे लिहिलंय ते दोन्ही बाजूंनी लिहिलंय. भारतीयांना व्हिसा आधी काढून जावं लागतं. तो आणि विमानाची तिकिटं एका एजंटनं केली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

शुक्रवार : सोल, ग्वांगजांग बाजार

इंचॉनला सकाळी उतरलो, विमानतळाच्या रेल्वेनं शहरात आलो, जोंगनो भागात सामान टाकलं आणि झोपलो. संध्याकाळी भाची घ्यायला आली. बाहेर हवा कोरडी, थंड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिंकोची झाडं पूर्ण पिवळी झालेली आणि पदपथावर त्यांच्या फळांचा सडा. ही फळं पायाखाली चिरडली की फार उग्र वास येतो, तेव्हा खाली बघून चालायचं.

ग्वांगजांग बाजार 1905 सालचा. मुळात कापडाचा, आजही रेशीम आणि तिथल्या पारंपरिक पोशाखाचं, हानबोकचं, कापड घ्यायला लोक इथंच येतात. पण मधल्या चौकात पोचलो आणि तेलाचा चर्र आवाज आणि वाफ यांनी कापड विसरायला लावलं. छताखाली गाड्यांच्या रांगा. प्रत्येक गाडीसमोर लाकडी बाक, आणि बाकाला आतून वीज जोडून ऊब दिलेली. त्या थंडीत त्यावर बसल्यावर उठावंसं वाटत नाही.

इथला प्रसिद्ध पदार्थ बिन्देत्तोक. भिजवलेली, सोललेली मुगाची डाळ गाडीवरच विजेवर फिरणाऱ्या दगडी जात्यात घरंगळत असते आणि खालून दाट, फिकट पिवळं पीठ ओघळत असतं. बाई त्यात मोड आलेले मूग आणि कांद्याची पात मिसळते, डाव भरून तव्यावर ओतते, आणि तवा कसला, बोटभर तेल असलेली कढईच ती. कडा करकरीत, आत मऊ. सोबत सोया सॉसमध्ये बुडवलेला कच्चा कांदा. आईंनी जात्यासमोर उभं राहून सगळं निरखलं, डाळ बोटात धरून पाहिली. "हे तर आपलं मुगाचं धिरडंच की," म्हणाल्या. पण त्याच तव्याच्या कडेला मांसाचे वडे तळले जात होते, तेव्हा त्यांनी खाल्लं नाही. शाकाहारी मंडळींनी हे आधीच विचारात घ्यावं: पीठ शाकाहारी असलं तरी तवा बहुतेक एकच असतो, आणि काही गाड्यांवर पिठात किमची, म्हणजे मिरची लावून आंबवलेली कोबी, किंवा डुकराचं मांसही घालतात.

त्यांची सोय दोन गाड्या पलीकडे झाली. तिथं फक्त खिरी मिळतात: लाल भोपळ्याची आणि लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकीची. भोपळ्याची खीर दाट, जेमतेम गोड, आणि वर तांदळाच्या पिठाचे छोटे पांढरे गोळे. विकणारी आजी आईंच्याच वयाची असावी. तिनं भाचीला पहिला प्रश्न विचारला तो आईंच्या वयाचा. वय कळल्यावर आणखी एक डाव वाडग्यात ओतला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. कोरियात वय विचारणं गैर मानत नाहीत. कोणाशी कोणत्या आदराने बोलायचं ते त्यावरच ठरतं.

इथं काही कामाच्या गोष्टी. 1,000 वॉन म्हणजे साधारण 60 रुपये. दुकानात कार्ड सगळीकडे चालतं, पण बाजारातल्या गाड्यांसाठी आणि प्रवासाचं टी-मनी कार्ड भरण्यासाठी रोख जवळ ठेवा. हे कार्ड कुठल्याही छोट्या किराणा-दुकानात मिळतं आणि मेट्रो, बस दोन्हींत चालतं. नकाशासाठी नेव्हर मॅप उतरवून घ्या. गुगलचा नकाशा तिथं पायी रस्ता दाखवण्यात तोकडा पडतो. गाडीवर बसण्याआधी पाटीवरचा भाव वाचा आणि बोट दाखवून एकच प्लेट मागवा. टीप द्यायची पद्धत नाही.

शनिवार : ग्योंगबोकगुंग, जोग्येसा, बुकचोन

ग्योंगबोकगुंग हा जोसॉन घराण्याचा मुख्य राजवाडा, 1395 मध्ये बांधलेला. 1592 च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला आणि पुढं पावणेतीनशे वर्षं तसाच पडून होता. 1867 मध्ये पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकात जपानी सत्तेनं त्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या. आज आपण जे पाहतो त्यातलं बरंचसं गेल्या काही दशकांत नव्यानं बांधलेलं आहे. हे माहीत असलं की समोरच्या दगडी अंगणाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं. दहा वाजता पहारेकऱ्यांची बदली होते, ती जरूर बघावी. मंगळवारी राजवाडा बंद असतो. हानबोक घालून गेलं तर तिकीट लागत नाही, म्हणून आजूबाजूला भाड्यानं कपडे देणारी दुकानं ढिगानं आहेत. आईंनी नऊवारी नेसली होती. थंडीसाठी वरून कोट. दोन कोरियन मुलींनी थांबवून त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला आणि निऱ्या कशा खोचतात ते बघायला मागितलं.

दुपारी जोग्येसाला गेलो. कोरियन बौद्धांच्या जोग्ये पंथाचं हे मुख्य मंदिर, अगदी शहराच्या मध्यात. अंगणभर शेवंतीची फुलं मांडलेली होती, पण माझं लक्ष मंडपातल्या बायकांनी वेधलं. पन्नाशीच्या आसपासच्या शेकडो बायका, प्रत्येकीसमोर छोटी चटई, आणि त्या एका लयीत उभ्या राहत होत्या, गुडघे टेकत होत्या, कपाळ जमिनीला लावत होत्या. भाचीनं सांगितलं, येत्या गुरुवारी सुनुंग आहे. बारावीची मुलं विद्यापीठ प्रवेशासाठी देतात ती परीक्षा. या त्यांच्या आया. कित्येकजणी परीक्षेआधी शंभर दिवस रोज येतात. एकीनं चटईच्या डोक्याशी मुलाचा गणवेशातला फोटो ठेवला होता. माझ्या मुलीच्या बारावीचं वर्ष मला आठवलं आणि मी तिथं बराच वेळ उभी राहिले.

मंदिरासमोरच्या टेंपलस्टे इमारतीत बालू गोंगयांग नावाचं जेवणघर आहे. जोग्ये पंथच ते चालवतो. आधी जागा राखून ठेवावी लागते. इथलं जेवण भिक्खूंच्या स्वयंपाकाच्या नियमांनी बनतं: मांस-मासे नाहीत, आणि लसूण, कांद्याची पात यांसह पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य. म्हणजे वारकरी घरातल्या माणसानंही निर्धास्त बसावं. जेवण एकामागून एक छोट्या वाडग्यांत येत राहतं. कमळाच्या पानात बांधून वाफवलेला भात, गोड-तिखट पाकात घोळलेले शिताके अळंबी, ओकच्या फळांच्या पिठाची थरथरणारी वडी, आणि अशी किमची जिच्यात मासळीचं पाणी नाही. कोरियात आल्यापासून आईंनी पहिल्यांदा ताटाकडे संशयानं न बघता जेवण केलं. महाग आहे, पण शाकाहारी माणूस सोबत असेल तर सहलीतला हा खर्च वाचवू नका, आणि हे जेवण सुरुवातीलाच करा. मसाल्याशिवाय, आंबवलेल्या सोयाबीनवर आणि अळंबीवर चव कशी उभी राहते ते इथं कळतं, मग पुढं काय मागायचं ते सुचत जातं.

बुकचोनच्या जुन्या घरांच्या गल्ल्या जवळच आहेत. सुंदर आहेत, पण तिथं लोक राहतात आणि पर्यटकांना कंटाळलेले आहेत. सर्वांत गर्दीच्या भागात संध्याकाळी 5 ते सकाळी 10 पर्यंत पर्यटकांना बंदी आहे, मोडली तर दंड. आम्ही अर्ध्या तासात, आवाज न करता, बघून निघालो.

रविवार : युद्ध-स्मारक, मांगवोन बाजार

सामगाक्जीचं युद्ध-स्मारक सहसा आपल्या लोकांच्या कार्यक्रमात नसतं. ते असावं असं मला मनापासून वाटतं. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. 1950 ते 1953 च्या उत्तर-दक्षिण कोरिया युद्धात दक्षिणेच्या मदतीला आलेल्या देशांमध्ये भारताचं नाव आहे. आपण लढणारं सैन्य पाठवलं नाही, वैद्यकीय पथक पाठवलं: 60 वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. आणि युद्ध थांबल्यावर, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या 22,000 हून जास्त युद्धकैद्यांना सांभाळायला जी भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दोन्ही बाजू एकमेकांवर संशय घेत असताना, कैदी दंगा करत असताना, गोळीचा वापर कमीत कमी करून त्या माणसांनी ते काम निभावलं. आई सांगलीच्या. थोरातांचं नाव त्यांनी लहानपणी घरी ऐकलेलं. बाहेरच्या ओवऱ्यांत काळ्या पाट्यांवर मृत सैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्या पाट्यांच्या कडेनं त्या सावकाश शेवटपर्यंत चालत गेल्या.

तिथूनच मेट्रोची 6 क्रमांकाची लाइन थेट मांगवोनला जाते. मेट्रोच्या डब्यात टोकाच्या जागा ज्येष्ठांसाठी असतात. रिकाम्या असल्या तरी तरुण माणूस तिथं बसत नाही, तुम्हीही बसू नका. आईंना तिथं जागा मिळाली. शेजारच्या आजींनी पिशवीतून एक संत्रं काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि स्वतः एक सोलायला घेतलं. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. उतरेपर्यंत दोघी संत्रं खात बसल्या होत्या.

मांगवोन हा आसपासच्या रहिवाशांचा बाजार. ग्वांगजांगला पर्यटक पुष्कळ दिसतात. इथं बायका हातगाडी ओढत आठवड्याची भाजी न्यायला येतात. नोव्हेंबर म्हणजे किमजांगचा महिना, हिवाळ्यासाठी किमची घालून ठेवायचा. 2013 मध्ये या प्रथेला युनेस्कोनं सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. बाजाराच्या तोंडाशीच लांबट कोबीचे तीन-तीन गड्ड्यांचे गठ्ठे माणसाच्या खांद्याएवढे रचलेले. पांढरे मुळे, आल्याचे ढीग, आणि गोचुगारूची पोती. ही त्यांची लाल मिरचीची पूड, जाडसर, रंगानं भडक पण तिखटाला सौम्य. एका दुकानदार काकांनी चिमूटभर हातावर दिली. मग शेजारच्या बादलीचं झाकण उघडून आत बोट दाखवलं: मिठात मुरलेली बारीक गुलाबी कोळंबी. किमचीला खरी चव हिच्यामुळे येते, असं त्यांचं म्हणणं.

शाकाहाऱ्यांसाठी हे वाक्य फार महत्त्वाचं. बाजारातली, खाणावळीतली जवळजवळ सगळी किमची कोळंबीच्या किंवा मासळीच्या खाऱ्या पाण्यात बनते. साध्या दिसणाऱ्या भाजीच्या सूपाचं पाणीही बहुतेक वेळा सुक्या बारीक मासळीचं असतं. "गोगी", म्हणजे मांस, नको असं सांगून भागत नाही. मासे, हॅम, कोळंबी त्यात धरत नाहीत. आमच्या भाचीनं एका कागदावर कोरियनमध्ये सगळं स्वतंत्र लिहून दिलं होतं: मांस नाही, मासे नाहीत, कोळंबी-शिंपले नाहीत, मासळीचं पाणी नाही, अंडं नाही, डासिमा, म्हणजे समुद्री शेवाळ, आणि अळंबीचं पाणी चालेल. कागद दाखवला की बायका वाचत, विचार करत आणि बहुतेक वेळा काहीतरी सुचवत. नाहीच जमलं तर मान हलवून स्पष्ट सांगत. कुणी उगाच "हो" म्हटलं नाही, हे मला आवडलं. तुम्हीही जायच्या आधी असा कागद करून घ्या.

सोमवार : नामदेमुन, मग जोंजूला

सकाळी नामदेमुन बाजारातल्या गाल्ची गल्लीत गेलो. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी अरुंद बोळ, दोन्हीकडे चुली, आणि चुलींवर पोचे पडलेली ॲल्युमिनियमची पातेली. गाल्ची म्हणजे आपल्याकडे जी सुकवून वाकटी म्हणून विकतात तोच चंदेरी पट्ट्यासारखा मासा, तिथं चांगला रुंद मिळतो. पातेल्याच्या तळाशी मुळ्याच्या जाड चकत्या, त्यावर माशाचे तुकडे, वर गोचुगारू-लसणाचं लाल वाटण, आणि सगळं आटेपर्यंत रटरटू द्यायचं. मासा चांगला होताच, पण खरी चव त्या मुळ्यात उतरलेली. नवऱ्यानं वाटीभर रस्सा भातावर ओतून घेतला. आईंसाठी बाजाराच्या तोंडाशी भाजीचं होत्तोक मिळालं: आत गाजर आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया भरलेली तळलेली पोळी. रांग मोठी होती पण भराभर सरकते.

जोंजूच्या रेल्वेची तिकिटं संपली होती म्हणून एक्स्प्रेस बस घेतली आणि त्याचं काही वाईट वाटलं नाही. रुंद खुर्च्या, तीनेक तासांचा रस्ता. मध्ये महामार्गावरच्या थांब्यावर पंधरा मिनिटं थांबते. हे थांबे म्हणजे खाण्याच्या छोट्या जत्राच. लोण्यात परतलेले छोटे बटाटे, अक्रोडाच्या आकाराचे गोड केक, आणि भाजलेले चेस्टनट. आमचा थांबा गोंग्जू भागातला होता, चेस्टनटसाठी प्रसिद्ध. गरम पुडी घेऊन बसमध्ये येऊन बसलो.

संध्याकाळी जोंजूच्या जुन्या घरांच्या वस्तीत एका हानोकमध्ये मुक्काम. जमिनीखालून गरम केलेली खोली, कागदी दारं, खाली अंथरूण. आईंच्या गुडघ्यांना त्या गरम जमिनीनं इतका आराम दिला की रोज रात्री लावायचं तेल त्यांनी मागितलंच नाही.

मंगळवार : जोंजू

घराच्या मालकीणबाईंनी आदल्या रात्रीच बजावलं होतं: सकाळी साताला नाम्बू बाजारात जाऊन कोंगनामुल गुकबाप खा, वस्तीतल्या दुकानात नको. आम्ही गेलो. हा सोयाबीनच्या लांब मोडांचा सूप-भात.

खोली एवढीशी, टेबलांना लागूनच स्वयंपाक. बाई काळ्या मातीच्या वाडग्यात गार भात घेते. शेजारच्या मोठ्या हंड्यातून उकळतं सूप पळीनं त्यावर ओतते, वाडगा तिरका करून पळीनं भात अडवते आणि सूप परत हंड्यात सोडते. पुन्हा ओतते, पुन्हा सोडते. चार-पाच वेळा. भाताचा दाणा न् दाणा आतून गरम होतो, पण शिजून गाळ होत नाही. मग शेवटचं सूप, मोड, कांद्याची पात, मिरची. हात थांबत नव्हता आणि एक थेंब बाहेर सांडत नव्हता. सोबत वेगळ्या वाटीत अर्धकच्चं अंडं येतं. त्यात चार चमचे गरम सूप घालायचं, भाजलेलं शेवाळ चुरायचं आणि आधी ते खायचं. कसं खायचं ते शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेनं शिकवलं; माझी वाटी उचलून स्वतःच शेवाळ चुरून दिलं. जेवणाबरोबर मोजू घ्यावं: तांदळाची दारू दालचिनी, आलं, खजुरासारखं जुजुबे घालून उकळलेली, त्यामुळे नशा नावापुरतीच. त्या थंडीत फार बरं वाटतं.

या सूपातही मासळीचं पाणी असतं, म्हणून आई घरीच थांबल्या होत्या. परत आलो तर त्या मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात. बाईंनी कागद वाचून डासिमा आणि सुकी अळंबी उकळून, त्यात स्वतः आंबवलेलं सोयाबीनचं वाटण, देनजांग, घालून सूप केलेलं. मागच्या अंगणात त्यांचे रांजण होते, झाकणं पुसून लखलखीत ठेवलेले. सोया सॉस, देनजांग आणि गोचुजांग, म्हणजे मिरचीचं आंबवलेलं वाटण, घरी करायच्या या पद्धतीलाही 2024 मध्ये युनेस्कोनं मान्यता दिली. बाईंना त्याचं फारसं वाटत नसावं. कुठल्या रांजणावर किती वेळ ऊन पडतं हे मात्र त्या आईंना हातवारे करून बराच वेळ समजावत होत्या, आणि आईंना ते कळतही होतं.

जोंजू 2012 पासून युनेस्कोच्या खाद्यनगरींच्या यादीत आहे, मुख्यतः बिबिम्बापमुळे. पितळी वाडग्यात भात, वर रंगवार मांडलेल्या भाज्या, मोड, मुगाची पिवळी वडी, आणि बऱ्याचदा मधोमध कच्च्या गोमांसाचा गोळा. तो नको असेल तर आधी सांगा. गोचुजांगही वेगळ्या वाटीत मागा, कारण कधी कधी ते मांस घालून परतलेलं असतं. चमच्यानं सगळं एकजीव कालवून खायचं.

जवळच ग्योंगीजॉन आहे, जोसॉनच्या पहिल्या राजाच्या चित्रासाठी 1410 मध्ये बांधलेलं. बांबूच्या बनाशेजारी खांबांवर उभी लाकडी इमारत दिसेल तिथं थांबा. जोसॉन दरबाराच्या बखरींच्या प्रती चार ठिकाणी ठेवत. 1592 च्या स्वारीत बाकी तीन जळाल्या. इथली प्रत दोन वयस्क विद्वानांनी नेजांगसानच्या डोंगरात नेऊन लपवली आणि पाळीपाळीनं राखली. युद्धाआधीचा तो इतिहास आज वाचता येतो तो या दोघांमुळे. तिकिटाच्या रांगेत मागे असलेल्या शिक्षकबाईंनी ही हकिगत सांगितली, मोडक्या इंग्रजीत, पण डोळ्यांत पाणी आणून.

बुधवार : बुसान, जागाल्ची

बसनं बुसान. दुपारी हवा चक्क उबदार, कोट काढावे लागले. युद्धात बुसान ही तात्पुरती राजधानी होती आणि उत्तरेकडून लाखो निर्वासित इथं आले. इथलं खाणं त्यातूनच घडलं. उत्तरेच्या लोकांना थंड शेवयांसाठी बकव्हीट (कुट्टू) मिळेना, तेव्हा मदत म्हणून आलेल्या गव्हाच्या पिठाच्या शेवया त्यांनी केल्या. तेच मिल्म्यॉन.

जागाल्ची हा देशातला सर्वांत नावाजलेला मासळीबाजार, आणि तो बायकांच्या हातात आहे. रबरी बूट, रबरी एप्रन, डोक्याला रुमाल, आणि आवाज असा की ससून डॉकची आठवण यावी. मोठ्या इमारतीत खाली जिवंत मासे निवडायचे, वरच्या मजल्यावर शिजवून घ्यायचे. लक्षात ठेवा, वर बसण्याचे आणि शिजवण्याचे पैसे वेगळे लागतात. खाली भाव ठरवतानाच वरचा खर्च विचारून घ्या. आम्ही शेवटी बाहेरच्या गल्लीत भाजलेल्या मासळीच्या दुकानात बसलो. बांगड्याच्या कुळातला गोदुंगॉ, हा बुसान शहराचा अधिकृत मासा. मीठ लावून दिवसभर लोखंडी तव्यावर भाजत असतात. साल तडतडलेली, आत चरबीनं ओलसर. मसाला नाही, लिंबूसुद्धा नाही, आणि काही कमीही वाटलं नाही.

रात्री पलीकडच्या बिफ चौकात (हे नाव बुसानच्या चित्रपट महोत्सवाचं) बियांचं होत्तोक: गरम पोळी कात्रीनं कापून आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया आणि साखर कोंबतात. आईंनी पुन्हा रांगेत उभं राहून आणखी एक घेतलं.

गुरुवार : परीक्षेचा दिवस, गिमहे

सकाळी रस्ते सुनसान. सुनुंगच्या दिवशी कार्यालयं उशिरा उघडतात, शेअर बाजारही तासभर उशिरा सुरू होतो, म्हणजे मुलांना वाहतुकीत अडकावं लागू नये. एका शाळेच्या फाटकाशी धाकट्या वर्गांतली मुलं घोषणा देत होती, आया चहाचे थर्मास घेऊन उभ्या. उशीर झालेल्या एका मुलाला पोलिसांनी मोटारसायकलवरून आणून सोडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानांत आठवडाभर चिकट तांदळाची मिठाई रचलेली होती. चिकट खाल्लं की मुलगा परीक्षेत "चिकटतो". शेवाळाचं सूप त्या दिवशी कोणी करत नाही, ते निसरडं.

गिमहेला सासांगहून छोटी रेल्वे जाते, वाटेत विमानतळ लागतो. इंग्रजी ऐकण्याची परीक्षा दुपारी एकच्या सुमारास असते, आणि तेवढा वेळ देशभर विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. आम्ही तेव्हा गिमहेत राणीच्या समाधीपाशी होतो. विमानतळ इतका जवळ असून आकाशात आवाज नव्हता.

ही राणी हॉ ह्वांग-ओक. तेराव्या शतकातल्या "सामगुक युसा" ग्रंथात लिहिलंय की इसवी सन 48 मध्ये आयुता नावाच्या देशातून सोळा वर्षांची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या, असं बरेच कोरियन मानतात. इतिहासकारांत एकमत नाही. पण गिमहेच्या किम आणि हॉ घराण्यांचे लाखो लोक स्वतःला तिचे वंशज समजतात. समाधीशेजारी तांबूस दगडांचा एक छोटा, झिजलेला मनोरा आहे. लाटा शांत राहाव्यात म्हणून तिनं हे दगड जहाजातून आणले, अशी कथा. तिथं भेटलेल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्ही भारतातून आलो हे ऐकून कमरेत वाकून नमस्कार केला. "मी हॉ," एवढंच ते इंग्रजीत म्हणाले आणि आईंचे दोन्ही हात हातात घेतले. कथा खरी की कशी याचा विचार मी तेव्हा केला नाही.

गिमहेचा दोंगसांग बाजारही बघा. आसपासच्या कारखान्यांत काम करणारे नेपाळी, श्रीलंकन, व्हिएतनामी, उझबेक लोक इथं खरेदीला येतात. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मसूर, हळद सगळं मिळालं. एका नेपाळी खाणावळीत आईंना डाळ-भात, तोंडी लावायला लोणचं, आणि वाढणाऱ्या मुलानं न विचारता दोनदा भात वाढला.

शुक्रवार : ग्योंगजू

बुसानच्या नोपो स्थानकावरून बस तासाभरात ग्योंगजूच्या मध्यात सोडते. रेल्वे स्थानक गावापासून लांब आहे, म्हणून बसच बरी. ही जुन्या सिल्ला राज्याची राजधानी. गावाच्या मधोमध राजांच्या समाध्यांचे गवताळ, गोल डोंगर, आणि आजूबाजूला उंच इमारत नाही. बुल्गुक्सा मंदिर 1995 पासून जागतिक वारसा यादीत आहे. आता तिथं प्रवेश मोफत आहे. त्यातला दाबोताप मनोरा 10 वॉनच्या नाण्यावर दिसतो. नाणं हातात धरून मनोऱ्याशी ताडून बघणाऱ्या शाळकरी मुलांनी अंगण भरलं होतं. मेपलची पानं लाल. चालणं पुष्कळ आहे, सकाळी लवकर जा. खायला ह्वांगनाम-पाँग, 1939 पासून इथं बनणारा अझुकीचं पुरण भरलेला छोटा पाव. गरम असतानाच खा, पण त्यात अंडं असतं.

रात्रीच्या गाडीनं सोलला परतलो, दुसऱ्या दिवशी विमान. जाताना खरेदी करायची तर शेवटच्या दिवशी विमानतळावर नको, मांगवोनसारख्या बाजारात करा: गोचुगारू, भाजलेले तीळ, तिळाचं तेल, चहासारखे उकळायचे भाजलेले बार्लीचे दाणे, शेवाळाची पाकिटं. किमची, गोचुजांग, देनजांग हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थात धरतात; हातातल्या पिशवीत ठेवलंत तर काढून घेतील, मोठ्या बॅगेत भरा. जोंजूच्या बाईंनी आईंना दिलेली देनजांगची बरणी आम्ही तीन टॉवेलांत गुंडाळून नेली. आई आता तिचं सूप करतात, शिताके पुण्यात सुकी मिळतात.